काट्यावर कुणाचा हात?

 नाखवा, तांडेल, खलाशी भाऊ आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या ताई-वहिनी, सगळ्यांसाठी हे लिहितो आहोत. थोडं लांब झालंय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय पैशाचा आहे.

नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, ७ ऑगस्ट २०२५ ला, अमेरिकेने आपल्या देशातून जाणाऱ्या मालावर २५ टक्के जादा आयात कर लावला. त्यानंतर बरोबर गणेश चतुर्थीच्या दिवशी, २७ ऑगस्टला, त्यावर आणखी २५ टक्के. झाले ५० टक्के. आपण गणपती आणण्याच्या गडबडीत होतो. तेव्हा बहुतेकांनी ती बातमी ऐकून सोडून दिली.

पुढे दिवाळी झाली, दोन महिने उलटले. आपल्या ग्रुपवर बरेच जण एकच प्रश्न विचारत होते. "आपल्या बोटीची कोळंबी तर अमेरिकेला जातच नाही. मग तिकडच्या कराशी आपल्याला काय करायचंय?"

प्रश्न रास्त आहे. अर्धा भाग तर अगदी खरा आहे. समुद्रात पकडलेली आपली कोळंबी अमेरिका २०१९ पासून घेत नाही. कारण कासव. ट्रॉलच्या जाळ्यात कासव आलं तर त्याला सुटून जायला वाट देणारी चौकट, जिला टेड म्हणतात, ती आपल्याकडच्या जाळ्यांना नाही. म्हणून आपल्या दर्याच्या कोळंबीला त्यांचं दार बंद. पण दार बंद असलं तरी फटीतून वारा येतोच. तो कसा येतो ते बघू.

अमेरिकेला जाते ती तळ्यातली कोळंबी, वनामी. २००९ मध्ये आपल्या देशात तिला परवानगी मिळाली आणि बघता बघता किनाऱ्याचं चित्र बदललं. सर्वात जास्त तळी आंध्रात. पण गुजरातेत तळ्यांचं नाव निघालं की पहिलं नाव सुरतेचं निघतं. ओलपाड, चोर्यासी, मजुरा या तालुक्यांतली जी खारी जमीन पूर्वी ओसाड पडून होती, तिथे आज तळी आहेत, पाण्यात हवा घुसळणारी चाकं आहेत, रात्रपाळीचे राखणदार आहेत.

आकडे बघा. २०२३-२४ मध्ये भारतातून ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी परदेशी गेली. त्यातली २ लाख ९७ हजार टन एकट्या अमेरिकेने घेतली. म्हणजे दर दहा किलोतली चार किलोहून जास्त. सगळ्या मासळीचा पैसा मोजला तर त्या वर्षी साडेसाठ हजार कोटी रुपये देशात आले, आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा अमेरिकेचा होता. एकाच गिऱ्हाइकावर एवढा धंदा उभा होता. ज्याची सगळी मासळी एकच दलाल उचलतो, त्याची रात्रीची झोप कशी असते ते आपल्याला सांगायला नको.

आता २०२५ मधल्या कराचा हिशेब. ५० टक्के नवा कर. त्याआधीपासून आपल्या कोळंबीवर दोन जुने कर होतेच, एक २.४९ टक्क्यांचा आणि दुसरा ५.७७ टक्क्यांचा. सगळं मिळून ५८ टक्क्यांच्या वर. शंभर रुपयांचा माल तिथल्या बंदरात उतरेपर्यंत १५८ रुपयांचा व्हायचा. इक्वेडोरच्या मालावर नवा कर तेव्हा १५ टक्के होता, इंडोनेशिया आणि थायलंडवर १९, व्हिएतनामवर २०. त्यात इक्वेडोर अमेरिकेला आपल्यापेक्षा किती जवळ, आणि जगात सगळ्यात जास्त कोळंबी विकणारा देशही तोच. बाजारात दोन टोपल्या शेजारी शेजारी असतील, मासळी सारखीच असेल आणि एकीचा भाव एवढा चढा असेल, तर गिऱ्हाईक कुठल्या टोपलीकडे वळेल?

इथवर झाली तळेवाल्यांची गोष्ट. आता आपली.

पहिली गोष्ट, कारखाने. जी कंपनी तळ्याची कोळंबी गोठवते, तीच बऱ्याचदा आपला माकुल, वाकटी, ढोमा, राणी मासा घेते. कोल्ड स्टोरेज तेच, बँकेचं खातं तेच, मालकही तोच. त्याचा अमेरिकेचा माल अडकला की त्याचा पैसा अडकतो. मग तो आपल्या सप्लायरला म्हणतो, "पेमेंट पुढच्या महिन्यात." सप्लायर आपल्याला तेच सांगतो. आणि आपण खलाशाला काय सांगणार? त्याला फेरी संपली की हिशेब लागतो. त्याच्या घरची चूल पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही.

दुसरी गोष्ट, बाजार. जो माल बाहेर जायला हवा होता, तो कुठेतरी खपवावा लागतो. बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं नाही तर तो सुरत, वापी, मुंबईच्या बाजारात येतो. तळ्याची कोळंबी एकसारख्या आकाराची, साफ केलेली, वर्षभर मिळणारी. तिचा भाव उतरला की शेजारी ठेवलेल्या आपल्या सोलट, करंदीलाही भाव उतरवावा लागतो. आपली चव वेगळी, हे आपल्याला माहीत. पण महिनाअखेरीला बाजारात आलेली बाई आधी पाकीट बघते.

तिसरी गोष्ट, आपलीच माणसं. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत एक भाऊ बोटीवर आणि दुसरा तळ्यावर अशी वाटणी आहे. कुणी बर्फाची गाडी चालवतो, कुणाची बायको कोळंबी सोलायला जाते. तळेवाल्याने पुढच्या हंगामात बीज कमी टाकायचं ठरवलं की या सगळ्यांचे दिवस कमी होतात.

चौथी गोष्ट आपण सहसा बघत नाही. ती आहे सुरत शहर. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ या भागात पैलू पाडून जातात, असं म्हणतात. त्यांचंही सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका होतं. हिऱ्याचा धंदा या कराच्या आधीच आजारी होता. रशियाच्या कच्च्या हिऱ्यावर बंदी आली, कारखान्यात तयार होणारे हिरे स्वस्त झाले. कामावरून कमी झालेल्या कारागिरांच्या मुलांची शाळेची फी भरायची योजना गुजरात सरकारला २०२५ च्या मे महिन्यात काढावी लागली होती. त्यावर हे ५० टक्के आले.

कुणी म्हणेल, हिऱ्याचा कारागीर बहुतेक सौराष्ट्रातला, तो कुठे मासळी खातो? बरोबर. पण उधना, लिंबायत, पांडेसराच्या बाजारात आपल्या टोपलीसमोर कोण उभा असतो ते बघा. लूमवर काम करणारा गंजामचा ओडिया, बिहारी, आपला खानदेशी भाऊ. शहरात पैसा फिरायचा थांबला, कापडाच्या ऑर्डरी कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला की तो आठवड्यातून तीनदा मासळी घेणारा माणूस एकदाच घेतो. बोंबील तर अमेरिकेला जात नाही ना? पण बोंबलाचं गिऱ्हाईक अमेरिकेच्या ऑर्डरीवर जगत असेल, तर बोंबलाचा भावही तिथूनच ठरतो.

आता हा दुसरा २५ टक्के कर कशासाठी लावला तेही ध्यानात ठेवा. आपला देश रशियाचं तेल घेत होता, म्हणून ती शिक्षा होती. आता आपण डिझेलवर चालणारी माणसं. तेल स्वस्तात आलं ते ज्यांच्या टाकीत गेलं त्यांच्या. आपल्या पंपावर त्यामुळे डिझेल स्वस्त झालेलं आपण काही पाहिलं नाही. पण त्या तेलाची शिक्षा मात्र किनाऱ्यापर्यंत पोचली. देशाने कुणाकडून तेल घ्यावं हे देशाने ठरवावं, कुण्या परक्याने धमकावून नव्हे, याबद्दल आमचं दुमत नाही. आमचं म्हणणं एवढंच. देशाच्या ताठ मानेची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नोंद तरी ठेवा. आणि मदतीचा विषय निघेल तेव्हा फक्त कारखानदार आणि तळेवाले यांची यादी करू नका, बोटीचंही नाव त्यात लिहा.

सुरतेला हे नवीन नाही. सुवाळीच्या समुद्रात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज लढले ते या बंदराच्या व्यापारासाठीच. पुढे हिंदुस्थानचं छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतकं खपायला लागलं की तिथले विणकर खवळले. मग तिथल्या पार्लमेंटने १७०० मध्ये आणि पुन्हा १७२१ मध्ये कायदे करून ते कापड बंद केलं. म्हणजे आपला माल चांगला म्हणून बंदी! आणि मधल्या काळात, १७१७ मध्ये, त्याच इंग्रज कंपनीने दिल्लीच्या बादशहाकडून फर्मान मिळवलं, की सुरतेत वर्षाला दहा हजार रुपये भरायचे आणि बाकी सगळी जकात माफ. इथला व्यापारी पूर्ण जकात भरतोय आणि परका कंपनीवाला ठरावीक रक्कम देऊन मोकळा. १७५९ मध्ये तर सुरतेचा किल्लाच इंग्रजांच्या हातात गेला. सांगायचा मुद्दा असा की जकात म्हणजे नुसता पैशाचा कागद नसतो. कुणाचा माल जड आणि कुणाचा हलका, हे जकातीतून ठरवता येतं. आणि ज्याच्या हातात जोर, तो ते ठरवतो.

इथून आपण मूळ मुद्द्यावर येतो. काट्यावर.

बंदरावर मासळी उतरली की आपण काट्याकडे बघतो. दलाल कितीही गोड बोलू दे, दर कितीही चढा सांगू दे, काटा खोटा असेल तर सगळं खोटं. म्हणून आपल्या बापजाद्यांनी संस्था काढली. भावावर कुणाचाच ताबा नसतो, पण वजन तरी खरं पडावं एवढ्यासाठी. देशाचेही असे काटे असतात. किती माणसांना काम मिळालं, महागाई किती वाढली, हे मोजणारं खातं हा एक काटा. कर्जाचा व्याजदर ठरवणारी मोठी बँक हा दुसरा काटा. आणि २०२५ मध्ये अमेरिकेत या काट्यांवरच हात टाकायचं चाललं होतं.

१ ऑगस्ट २०२५ ला तिथे रोजगाराचे आकडे आले. ते वाईट होते. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच दिवशी ते आकडे काढणाऱ्या खात्याच्या प्रमुख बाईंना नोकरीवरून काढलं. मासळी कमी भरली म्हणून तोलाऱ्याला हाकलण्याचाच हा प्रकार. तोलारी बदलला म्हणून मासळी वाढते का? उलट पुढच्या वेळी नवीन तोलारी कमी वजन सांगताना आधी मालकाच्या तोंडाकडे बघेल.

तिथली मोठी बँक म्हणजे फेडरल रिझर्व्ह. तिचे तेव्हाचे प्रमुख जेरोम पॉवेल व्याज लवकर कमी करत नाहीत म्हणून त्यांना २०२५ मध्ये वर्षभर शिव्या घालणं चालू होतं. २५ ऑगस्टला तर त्या बँकेच्या एक गव्हर्नर, लिसा कुक यांना काढून टाकल्याचं राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. त्या कोर्टात गेल्या. या आयात करांवरही तिथलं अपील कोर्ट २९ ऑगस्टला म्हणालं, की राष्ट्राध्यक्षांना हा अधिकार नाही. मग सर्वोच्च न्यायालयात २०२५ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुनावणी ठेवली गेली. निकाल लागेपर्यंत कर चालूच होते. म्हणजे ओलपाडच्या तळ्यात बीज टाकायचं की नाही, याचा निर्णय तेव्हा वॉशिंग्टनच्या कोर्टाकडे डोळे लावून घ्यावा लागत होता. धंद्याला सगळ्यात जास्त मारते ती ही अनिश्चितता. कर ठरलेला असेल तर माणूस हिशेब मांडतो. रोज बदलणार असेल तर माणूस हात आखडतो.

मोठ्या बँकेवर दबाव टाकला की काय होतं, याचं उदाहरण तुर्कस्तानचं घ्या. तिथल्या राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांनी जुलै २०१९ ते मार्च २०२१ या वीस महिन्यांत बँकेचे तीन गव्हर्नर घरी पाठवले. त्यांना व्याज कमीच हवं होतं. नवीन माणसाने ते केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई सरकारी आकड्यानेच ८५ टक्के झाली. स्वस्त कर्ज मिळालं ते काही मोजक्या लोकांना. भाकरी महाग झाली ती सगळ्यांना.

आता कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवू नका. मान्य. आपल्या घरातही बघू.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपल्या रायगड जिल्ह्यातले, चिंतामणराव देशमुख. १९४३ ते १९४९ ते गव्हर्नर होते. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून बाहेर पडले. खुर्ची मोठी की शब्द मोठा, हे त्यांनी कोकणी माणसासारखं दोन मिनिटांत ठरवलं असेल! त्यांच्यानंतर आलेले गव्हर्नर बेनेगल रामराव यांनी जानेवारी १९५७ मध्ये राजीनामा दिला. कारण नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी व्याजदराच्या अधिकारावरून वाद. तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी बाजू घेतली ती मंत्र्यांची. अलीकडे २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेची गंगाजळी आणि अधिकार यावरून सरकार आणि बँक यांच्यात उघड तणाव झाला. १० डिसेंबर २०१८ ला गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला. कारण त्यांनी वैयक्तिक सांगितलं. पुढच्या ऑगस्टमध्ये, एका समितीच्या शिफारशीनंतर, बँकेने सरकारला १ लाख ७६ हजार कोटी रुपये दिले. तेव्हा काँग्रेस, आता भाजप. पक्ष कुठलाही असो, सत्तेचा हात काट्याकडे जातोच. म्हणून आम्ही हे कुठल्या पक्षाच्या विरोधात लिहीत नाही. संस्थेत सगळ्या पक्षांची माणसं आहेत आणि राहतील.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. एक नाखवा आम्हाला म्हणाले, "बँकेच्या साहेबाला कुणी निवडून दिलंय? व्याज चढं ठेवलं की हप्ता मी भरतो. सरकारने त्यांना दोन शब्द सुनावले तर बिघडलं कुठे?" हे म्हणणं फेटाळून लावण्यासारखं नाही. लोकांनी निवडलेल्या सरकारला बोलायचा अधिकार आहेच. पण आपल्या कायद्याने याची वाट काढलेली आहे. २०१६ पासून महागाई ४ टक्के ठेवायची, वर-खाली २ टक्के चालेल, हे ठरवतं सरकार. तिथे पोचायला व्याज किती ठेवायचं ते ठरवते सहा जणांची समिती. आपल्या संस्थेतही असंच असतं ना? कमिशन किती घ्यायचं, कर्ज कुणाला द्यायचं याचा नियम सर्वसाधारण सभा ठरवते. पण एकदा नियम झाला की रोज सकाळी काट्यावर येऊन कुठल्या संचालकाने तोलाऱ्याला "याचं दोन किलो जास्त लिही" म्हणायचं नसतं. नियम करणं वेगळं आणि हात लावणं वेगळं.

आणि व्याज खाली आलंच तर ते दबावाशिवायही येतं. २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रिझर्व्ह बँकेने दर एक टक्क्याने कमी केला. तेव्हा तो साडेपाच झाला. महागाई उतरली म्हणून केला. तो आपल्या बोटीच्या कर्जाच्या हप्त्यात उतरला का, ते आपापल्या पासबुकात बघा. नसेल उतरला तर शाखेत जाऊन लेखी विचारा. आपला हक्क आहे.

सहकारात काट्यावर हात पडला की काय होतं, ते मुंबईत २०१९ च्या सप्टेंबरात दिसलं. पीएमसी बँक. कर्जाचा बहुतेक पैसा एकाच बिल्डरच्या घरात गेला होता आणि तो लपवायला खोटी खाती दाखवली होती. बाहेर आलं तेव्हा ठेवीदाराला आधी फक्त हजार रुपये काढायची परवानगी मिळाली. स्वतःच्याच पैशातले हजार! त्यात सोसायट्या होत्या, पतसंस्था होत्या, म्हातारी माणसं होती. त्यांची चूक एवढीच, की वर्षानुवर्षं वार्षिक सभेत कुणी उठून वही मागितली नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. अमेरिकेचा कर आपल्या हातात नाही. तो उद्या उतरेल, परवा चढेल. आपल्या हातात आहे तो आपला काटा. वाईट दिवसात तोच आपल्याला तारतो, आणि वाईट दिवसातच त्याच्यावर सगळ्यात जास्त हात पडतात. भाव पडला की जो तो म्हणतो, "माझं तेवढं सांभाळून घ्या." एकाचं सांभाळलं की दुसऱ्याचं बुडतं.

आता कामाचं. या हंगामात आपण काय करायचं?

पहिलं, उचल. व्यापाऱ्याकडून या वर्षी मोठी उचल घेऊ नका. त्याचाच पैसा अडकलेला आहे. तो उचल देईल, पण बदल्यात भाव आधीच बांधून घेईल, आणि तो पडलेला भाव असेल. गरज असेल तर किसान क्रेडिट कार्ड बघा. ते मच्छीमारांनाही मिळतं. २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये त्याची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेल्याचं जाहीर झालं होतं. वेळेवर फेडलं तर व्याजात सवलत आहे.

दुसरं, नवीन बोट किंवा नवीन तळं. "कर उतरणार आहे, आत्ताच घालून ठेवू" असं सांगणारे भेटतील. अशा आशेवर घर गहाण ठेवू नका. हंगाम बघा, मग ठरवा.

तिसरं, गणना. २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात केंद्राची सागरी मच्छीमार गणना होती. अशा गणनेला माणूस घरी येतो. त्याला खरं सांगा. बोटी किती, खलाशी किती, घरातल्या बाया काय काम करतात, कर्ज किती. बरेच जण योजनेच्या आशेने जास्त सांगतात, काही कराच्या भीतीने कमी सांगतात. दोन्ही वेळा काटा आपणच खोटा करतो. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या, सोलणाऱ्या आपल्या बायांची नावं तर हमखास लिहून घ्या. यादीत नाव नसलं की मदतीतही नसतं.

चौथं, कागद. युरोपने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या देशातल्या आणखी १०२ कारखान्यांना माल पाठवायची परवानगी दिली. इंग्लंडशी २४ जुलै २०२५ ला व्यापार करार झाला. त्यात कोळंबीवरचा तिथला कर काढायचं ठरलं. ही दारं उघडतायत. पण युरोपला मासळी कुठल्या बोटीने, कुठे, कधी पकडली याचा दाखला लागतो. बोटीची नोंदणी, लायसन, फेरीची वही नीट नसेल तर आपली मासळी त्या दारातून आत जाणार नाही. वही ठेवणं कंटाळवाणं आहे, कबूल. पण एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहायचं नसेल तर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या अटी वाचाव्या लागतात.

पाचवं, कासवाची चौकट. याच्यावर आपल्यात मतभेद आहेत. काही नाखवा म्हणतात, त्यातून मासळीही निसटते. असेल. मग आपल्याच दोन-तीन बोटींवर लावून एक हंगाम बघू, किती निसटते ते आपल्याच काट्यावर मोजू. खर्च सरकारने द्यावा, ही मागणी आपण संस्थेच्या लेटरहेडवर करू. अमेरिकेने ५० टक्के कर लावला म्हणून चौकट नको, असं म्हणण्यात अर्थ नाही. कर गेला तरी आपण दाराबाहेरच उभे असू.

सहावं, आपली संस्था. येत्या सभेत तीन वह्या टेबलावर ठेवा अशी मागणी करा. काट्याची वही, कर्जाची वही आणि डिझेलच्या परताव्याची वही. ज्याला वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा. कुणाच्या ओळखीने कुणाचं कर्ज थांबलंय आणि कुणाचं वाढलंय, हे सभेत कळू दे, चहाच्या टपरीवर नको. निवडणुका जवळ आल्या की "कर्ज माफ होणार, भरू नका" असं कानात सांगणारे येतात. माफी आली तर आनंदच. पण ती यायच्या आधी हप्ता थांबवला तर संस्थेची पत बुडते, आणि पुढच्या हंगामात बर्फ-डिझेललाही उधारी मिळत नाही.

मोठ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या तोलाऱ्याला हाकललं. ते त्यांचं ते बघतील, त्यांची कोर्टं बघतील. आपण एवढं करू. आपल्या बंदरावरचा काटा रोज सकाळी सगळ्यांच्या देखत शून्यावर आहे की नाही ते बघू. भाव कमी मिळाला तर पोटाला चिमटा बसेल, पण वजन खरं असेल तर आपण एकमेकांच्या डोळ्यात बघून बोलू शकू. एवढं राहिलं तर हा हंगामही निघेल.

काही चुकीचं वाटलं तर खाली लिहा, नाहीतर संस्थेत येऊन बोला. आपल्या बंदरावर दोन महिन्यांत कुठल्या मासळीचा भाव किती उतरला, पेमेंट किती दिवस थकलंय, तेही लिहा. खरे आकडे लिहा. आपण ते गोळा करून वर पाठवू.

सगळ्या बोटी सुखरूप बंदराला लागोत.